दुसरा उकार

डोंबिवली पूर्व
६ जानेवारी २०२५

चि. राजरत्न,
सप्रेम जय भीम.

तुझं बाड मिळालं. कुरियरवाल्याने ते दारात आपटलं तेव्हा मला वाटलं, शेजारच्यांची गव्हाची पिशवी चुकून माझ्याकडे आली. अकराशे बारा पानं! महेंद्रचा मुलगा नऊ वर्षं दर रविवारी दार लावून करतो तरी काय, याची चर्चा सगळ्या नातेवाइकांत झालेली आहे. कोणी म्हणे स्पर्धा परीक्षा, कोणी म्हणे प्रेमभंग. महेंद्र स्वतः तुझा बाप, पण तोही शेअर बाजार म्हणायचा. तू आत बसून पंखवाले रेडे उडवत होतास, हे कोणाच्या स्वप्नातही आलं नसेल.

'अकरा घाटांची राणी' हे नाव वाचून मला आधी वाटलं, कुठल्या तरी मसाल्याची जाहिरात आहे. मग नकाशा पाहिला. अकरा राज्यं, सात किल्ले, दोन वाळवंटं, आणि साऱ्या मुलुखात एक विहीर! दिवा गावात टँकरची वाट बघणाऱ्या माणसाने काढलेला नकाशा आहे, हे लगेच ओळखू येतं.

प्रूफं तपासून देते म्हणाले आहे, म्हणजे देणार. पण माझी पद्धत आधीच सांगून ठेवते. मुद्रितशोधक गोष्ट वाचत नाही, अक्षरं वाचतो. गोष्टीत शिरलं की डोळा पुढे पळतो आणि काना-मात्रा मागे राहतात. म्हणून मी प्रत्येक पान खालच्या ओळीपासून वर वाचत जाते. अडतीस वर्षांत माझ्या हातून गेलेल्या एकाही पुस्तकाला शुद्धिपत्र जोडावं लागलेलं नाही. तपासलेली पानं मी थेट माजिवड्याला तुझ्या त्या प्रकाशकाकडे, मितेशकडे पाठवीन. लेखकाकडे पाठवली की तो मध्ये लुडबुड करतो.

फोन करू नकोस. कानातलं यंत्र लावलं की समोरच्याचं बोलणं सोडून बाकी सगळं ऐकू येतं. व्हॉट्सॲपवर तू इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितोस, ते वाचून मला पित्त होतं. काही सांगायचं असेल तर कागदावर लिही.

तुझी,
शालनआत्या

*

दिवा
११ जानेवारी २०२५

प्रिय आत्या,
जय भीम.

टोमणे पोचले. शाळेत 'मामास पत्र' लिहिलेलं, त्यानंतर हे माझं पहिलंच पत्र. आज शीळफाट्याला गोदामात रजा टाकलेली, म्हणुन वेळ मिळाला.

आत्या, एक रिक्वेस्ट आहे. एकदा तरी सरळ वाच ना. वरून खाली. मी तुला सुरुवात सांगतो. वारुणी नावाची राजकन्या आणि तिची दासी अकरावा घाट ओलांडायला निघतात. पलीकडच्या राज्यात वारुणीला राणी व्हायचंय. तिथली प्रथा अशी की राणी जन्मभर चांदीचा मुखवटा घालते, तिचा चेहरा कोणीच बघत नाही. घाटात वादळ होतं आणि दोघींतली एकच खाली उतरते. मग ती वीस वर्षं राज्य करते. बस. पुढचं मी मेलो तरी सांगणार नाही.

घरात कोणीच वाचलेलं नाही. पप्पांनी नकाशा बघितला आणि "छान आहे, कलर नाही का?" असं विचारलं. मितेशभाईंनी शंभर पानं वाचली आणि "अच्छा वाटतंय" म्हणून पुढची टाईपसेटिंगला दिली. शेवट माहीत असलेला जगात मी एकटा आहे. दुसरी तू व्हावीस असं मला वाटतं. दुसरा मुद्रितशोधक मिळाला असता गं, पण मला तूच पाहिजे होतीस, म्हणुन मागे लागलेलो. का, ते वाचल्यावर कळेल. आजी असती तर तिला रोज दोन-दोन पानं वाचून दाखवली असती. गोष्टी सांगायची सवय मला तिनेच लावली.

तुझा,
राजा

*

डोंबिवली पूर्व
२ फेब्रुवारी २०२५

चि. राजरत्न,
सप्रेम जय भीम.

'म्हणून' या शब्दातल्या 'णू'ला दुसरा उकार. तू पत्रात तो शब्द तीनदा लिहिलास आणि दोनदा पहिला उकार दिलास. अकराशे पानांचा लेखक!

चारशे पानं झाली. अक्षरंच वाचायची म्हटली तरी डोळ्यात काहीबाही जातंच. तुझं सैन्य पान १४० ला निघालं आणि ३९० ला पोचलं. एवढ्या पानांत माणूस कल्याणहून दिल्लीला जाऊन परत येतो. वाटेत चार मेजवान्या. एका मेजवानीचं वर्णन सहा पानं, त्यात भाकरी कुठेच नाही. कामाला जाणारा माणूस तुझ्या राज्यात एकही दिसला नाही. जो उठतो तो तलवार परजतो, नाहीतर दूर क्षितिजाकडे बघत उभा राहतो. पंखवाल्या रेड्यांना चारा काय घालतात, हे चारशे पानांत तू एकदाही सांगितलेलं नाहीस.

शपथा तर विचारूच नकोस. "अकराव्या घाटाच्या रक्ताची आण!" हे वाक्य आतापर्यंत एकोणतीस वेळा आलं. प्रत्येक वेळी उद्गारचिन्ह. तुझी उद्गारचिन्हं गोळा केली तर एखाद्या इमारतीला गज पुरतील.

एक गोष्ट मात्र सांगते. पान २१३ नंतर तुझ्या राणीला स्वतःचं नावसुद्धा धड लिहिता येत नाही, हे माझ्या नजरेतून सुटलेलं नाही. घाबरू नकोस. मी त्याचं काय करायचं ते केलं आहे.

तुझी,
शालनआत्या

*

दिवा
६ फेब्रुवारी २०२५

आत्या! आत्या! आत्या!

(हो, उद्गारचिन्हं. घे अजून तीन!!!)

तू पकडलंस! पान २१३ ला! आणि तेही खालून वर वाचत! मी नऊ वर्षं विचार करत होतो की हे कोणाला दिसेल का. मितेशभाईंच्या डोळ्यांसमोरून गेलं, त्यांना घंटा कळलं नाही. मला वाटलेलं, तुला निदान आठशेव्या पानापर्यंत तरी शंका येणार नाही. पण तू ती तूच.

तुझं पत्र मी गोदामात ट्रकच्या मागे उभा राहून वाचलं आणि हसत सुटलो. सुपरवायझरला वाटलं, लॉटरी लागली. प्लीज, कोणाला बोलू नकोस, पप्पांना पण नाही. आता म्हाताऱ्या लेखनिकावर लक्ष ठेव. दप्तरखान्यात बसतो तो, तमाल. बाकी काही बोलत नाही.

मी खूप खूश आहे, आत्या. खरंच खूप.

राजा

*

डोंबिवली पूर्व
१२ फेब्रुवारी २०२५

चि. राजरत्न,
सप्रेम जय भीम.

तुझं पत्र वाचून काळजी वाटली. तुला ताप वगैरे नव्हता ना? अडतीस वर्षांत असंख्य लेखक पाहिले. चूक दाखवली की कोणी रुसतो, कोणी शब्दकोश काढून भांडतो. उड्या मारणारा तूच पहिला. काही सांगायला कोणाकडे जाऊ? इमारतीतल्या बायकांना तुझी राणी सांगायला बसले तर उद्यापासून त्या मला बघून दार लावून घेतील.

तमालवर लक्ष ठेव म्हणतोस. ठेवलं. हा म्हातारा पानोपानी जुने कागद काढतो, त्यावर झुकतो, शाई सांडतो आणि खोकतो. पगार कशाचा घेतो ते कळत नाही. आमच्या छापखान्यात असा माणूस आठवडाभर टिकला नसता.

शेवटचा गठ्ठा उद्या मितेशकडे जाईल. पहिल्या पानामागे 'मुद्रितशोधन : शालन गमरे' असं छापायला सांग. इतकी उद्गारचिन्हं खाली उतरवल्यावर तेवढा हक्क आहे माझा.

तुझी,
शालनआत्या

*

दिवा
२ एप्रिल २०२५

आत्या,

काल दुसरी प्रूफं हातात आली. पान २१३ उघडलं, मग २१४, मग पुढची सगळी. मग मितेशभाईंना फोन लावला. त्यांनी तुझं पहिलं प्रूफ काढून त्या पानाचा फोटो पाठवला. समासात तुझ्या लाल शाईत लिहिलेलं आहे : "सर्वत्र 'वारुणी' करावे." त्यांच्या ऑपरेटरने एक बटण दाबलं. सातशे चाळीस जागी दुसऱ्या उकाराचा पहिला झाला.

आत्या, ती चूक नव्हती. ती माझी गोष्ट होती.

खरी वारुणी घाटात मरते. खाली उतरते ती दासी. तिच्या वस्तीत कोणाला शिकू देत नाहीत. ती राजकन्येच्या टाकलेल्या कागदांवरून चोरून शिकलेली असते, म्हणून पहिल्या फर्मानावर सही करताना नाव चुकीचं लिहिते, दुसऱ्या उकाराने. वारूणी. त्या पानापासून पुस्तकही तिला वारूणी म्हणतं. कुठे काही सांगत नाही, फक्त तो एक उकार. अख्ख्या राज्यात ते एकट्या तमालच्या लक्षात येतं. तो गप्प राहतो. वीस वर्षं दप्तरखान्यात बसून राजघराण्याच्या जुन्या कागदांवरचे उकार बदलतो, कोणी ताडून बघितलं तरी ती पकडली जाऊ नये म्हणून. शेवटी मरताना तिला एवढंच सांगतो. ते वाक्य आता पान १०८४ वर असं आलंय : "वारुणी आणि वारुणी या दोन वेगळ्या बायका आहेत, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं." वाच. मोठ्याने वाच. आणि तुझ्या पहिल्या प्रूफात तिथेही लाल शाई आहे! एवढं समोर लिहिलेलं असताना तुला थांबावंसं वाटलं नाही?

मला वाटलेलं, तुला सगळं कळलंय. मी येड्यासारखा ट्रकमागे हसत होतो.

माझ्याकडची फाईल जुनी आहे. तुझ्या बाकीच्या चार हजार दुरुस्त्या मितेशभाईंच्या फाईलवर झाल्यात. आता एक-एक जागा हाताने बघावी लागेल. आठवणींच्या प्रकरणांत दोघीही येतात, त्यामुळे कुठे कोण हे गोष्ट वाचल्याशिवाय समजणार नाही. वीस तारखेला छपाई. मितेशभाई म्हणाले, "अरे राजाभाई, एक उकार आहे, कोण बघतं? जाऊ दे ना." मी काय बोलणार? माझ्या सख्ख्या आत्याने जे बघितलं नाही, ते लोक कशाला बघतील?

आता का तूच पाहिजे होतीस तेही सांगून टाकतो. आजी मला सांगायची की कोळसेवाडीच्या विहारात प्रौढांच्या वर्गात तू शिकवायचीस. तिने पाटीवर पहिल्यांदा स्वतःचं नाव लिहिलं, ते 'सगूणा' असं. दुसऱ्या उकाराने. तुला दिसलं, तरी तू काही बोलली नाहीस. म्हणालीस, "आई, तुझं नाव आहे, तू लिहिशील तेच खरं." हे सांगताना दर वेळी आजीचा चेहरा फुलायचा. पुढे हात थरथरायला लागला म्हणून ती अंगठा उठवायची, तरी ती पाटी ती विसरली नाही. त्या एका वाक्यावर मी अकराशे पानं लिहिली. तमाल तू आहेस, आत्या. म्हणजे मला तसं वाटायचं.

या दुसऱ्या प्रूफांचा गठ्ठा सोबत पाठवतोय. ठेव नाहीतर रद्दीत घाल.

राजरत्न

*

डोंबिवली पूर्व
१३ एप्रिल २०२५

चि. राजरत्न,
सप्रेम जय भीम.

तुझ्या मागच्या पत्रात एकही चूक नव्हती. मी दोनदा तपासलं. ते मला फार टोचलं.

उद्या जयंती. खाली मंडप बांधताहेत, स्पीकर लावून बघताहेत, आणि आज प्रथमच मला कानातलं यंत्र काढावंसं वाटलं नाही. काम संपवून बसले आहे.

तुझं पुस्तक वाचलं. वरून खाली, पान एक ते अकराशे बारा, सहा दिवसांत. या वयात असलं काही पहिल्यांदाच वाचलं, तेव्हा माझं मत ऐक. मेजवान्या लांबलेल्या आहेत. रेड्यांचा चारा शेवटपर्यंत आला नाही. "घाटाच्या रक्ताची आण" आणखी एकदा वाचावी लागली असती तर मी तुझ्या त्या घाटावरून उडी मारली असती. आणि तरी पान सहाशेच्या पुढे मी दोन वेळा भात करपवला. वारूणी दरबारात पहिल्यांदा खलिता वाचायला उभी राहते आणि एका जोडाक्षरावर अडखळते, तिथे मला घाम फुटला. माझ्या पहिल्या नोकरीत साहेबांनी एक लेख माझ्यापुढे टाकला आणि बाकीचे मान वर करून बघत राहिले होते, गमऱ्यांच्या पोरीला जमतंय का म्हणून. मला जमलं. त्या दिवसापासून मी कोणाचाच उकार सोडला नाही.

परवापासून रोज माजिवड्याला गेले. तुझा मितेश मलाही म्हणाला, "मावशी, एक उकार आहे, कोण बघतं?" मी म्हणाले, "दारावरच्या पाटीवर तुमचं नाव 'मीतेश' करून आणते, मग बघू कोण बघतं ते." त्याने खुर्ची दिली. त्याची ऑपरेटर प्रीती हुशार आहे. एकदा तिने मला विचारलं, "मावशी, ही मेलेली की जिवंत?" आणि मी खाली न बघता उत्तर दिलं. तीन दिवस तिच्या शेजारी बसून सगळ्या जागा सरळ केल्या. सातशे चाळीस नाही, सातशे अडतीस. दोन ठिकाणी तू स्वतःच चुकला होतास. तुझा अभिमान फार फुगू नये म्हणून सांगते.

आता ती पाटी.

आईने तुला जे सांगितलं ते खोटं आहे.

सन १९६८. मी पंधरा वर्षांची, नववीत. विहारातल्या वर्गात बारा बाया होत्या, त्यांत माझी आई. तिने नाव लिहिलं, सगूणा. पाटी दोन्ही हातांनी उचलून मला दाखवली. मी काय म्हणाले ते मला अक्षर न् अक्षर आठवतं. मी म्हणाले, "स्वतःचं नावसुद्धा धड लिहिता येत नाही?" आणि हसले. मी हसले म्हणून बाकीच्या अकराही हसल्या. मग मी ओल्या फडक्याने तिचं नाव पुसलं आणि पहिला उकार काढून दाखवला. आई दुसऱ्या दिवसापासून वर्गाला आली नाही. रेशनवर अंगठा, बँकेत अंगठा. माझ्या एस. एस. सी.च्या फॉर्मवर पालकाच्या सहीच्या जागी अंगठा. तिचा हात कधीच थरथरत नव्हता रे. मरेपर्यंत सुईत दोरा ओवायची.

मी कधी माफी मागितली नाही. आधी वाटायचं, मी बरोबर होते. नंतर वाटलं, ती विसरली असेल. तुझं पत्र येईपर्यंत मला ठाऊक नव्हतं की ती माझ्याबद्दल तुला असं काही सांगत होती. तुझा तमाल जुन्या कागदांवरचे उकार बदलत बसतो, दुसरं कोणी पकडलं जाऊ नये म्हणून. आमच्या घरात ते काम आईने केलं. तिने तुझ्यापुढे माझंच पान बदलून ठेवलं. तेव्हा तमाल मी नाही. तू माणूस चुकलास. तुझ्या सगळ्या चुकांत ही सर्वांत मोठी, आणि ही मी दुरुस्त केल्याशिवाय पुस्तक छापायला जाऊ देणार नाही.

पान १०८४ वर मी रडले. शाई फुटली आहे, प्रूफ खराब झालं म्हणून मितेशने कुरकुर केली तर करू दे. एवढ्यासाठी काही मी त्याला नवीन प्रत मागणार नाही.

'मुद्रितशोधन : शालन गमरे' ही ओळ मी काढून टाकली होती. प्रीतीने ती परत घातली, कारण विचारलं तर खांदे उडवले. असू दे.

अडतीस वर्षांत करावं लागलं नाही ते आज करते आहे. एवढी एक दुरुस्ती तू स्वतः जाऊन करून घे. अर्पणपत्रिका तूच लिहिली आहेस आणि माझ्या भीतीने शुद्ध लिहिली आहेस.

शुद्धिपत्र

पान : पाच
ओळ : पहिली
अशुद्ध : आजी सगुणा गमरे हिला
शुद्ध : आजी सगूणा गमरे हिला

तुझी,
शालनआत्या